माळावर पायी येणाऱ्याला पावती कशाला? वनाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि परिसरातल्या वनजमिनींचा कारभार पाहणारे अधिकारी

विषय : माळावर जाण्यासाठी लावलेला परवाना आणि प्रवेशशुल्क

महोदय / महोदया,

शहराच्या वेशीबाहेर वनखात्याचा जो माळ आहे, त्याला यंदा लोखंडी फाटक बसलं. शेजारी पत्र्याची खोली उभी राहिली आणि खोलीवर पाटी लागली. माणशी २० रुपये, विद्यार्थी १०, दुचाकी ३०, चारचाकी १००, कॅमेरा २००. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५. ऑनलाइन परवाना आगाऊ काढणे बंधनकारक. गुरे, शेळ्या, मेंढ्यांना सक्त मनाई. सगळ्यात खाली ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून, कोणत्या तारखेच्या, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, ते पाटीवर नाही. फाटकावरच्या पोराला विचारलं तर म्हणतो, मॅडम, वरून आलंय. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

माळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्यालयाला किंवा एका साहेबाला चव्हाट्यावर आणण्यासाठी हे पत्र नाही, आणि प्रश्न त्या एका माळाचाही नाही. इथलं फाटक खपलं तर पुढच्या वर्षी ते दुसरीकडे बसेल. तुम्हाला माळ ओळखू आला असेलच. इतर वाचकांनी आपापल्या हद्दीतला धरावा.

मी हद्दवाढ भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पोरांचे आईबाप यंत्रमागावर, बांधकामावर जातात, काही आया घरी बिड्या वळतात. पोरं घरात तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी असं काहीही बोलतात आणि पाखरू दिसलं की एका सुरात ओरडतात. पुस्तकात ‘परिसंस्था’ नावाचा धडा आहे. त्यातलं चित्र घनदाट जंगलाचं. आमच्या मुलांनी असलं जंगल पाहिलेलं नाही, पाहायची सोयही नाही. त्यांच्या चालण्याच्या टप्प्यात आहे तो माळ: कुसळी, पवना, मारवेल ही गवतं, मधूनच एखादं हिवराचं किंवा बोरीचं झाड, मुरमात पळणारा धाविक पक्षी, आभाळात टांगल्यासारखा गाणारा चंडोल. नशीब असलं तर लांबवर काळविटांचा कळप. अन्नसाखळी मी तिथेच शिकवत आले. शिवाय माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं, चुलत्यांच्या घरी अजून मेंढरं आहेत. म्हणजे या पाटीवरच्या दोन ओळी थेट माझ्या दोन घरांवर येतात.

आधी एक गोष्ट स्वच्छ करते, नाहीतर ‘फुकट पाहिजे’वाली म्हणून मला बाजूला सारायला सोपं जाईल. शुल्क आणि परवाना या गोष्टींना माझा विरोध नाही. अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमात आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसाठी परवाना आणि त्याची फी २८ व्या कलमात आहे. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आम्ही रीतसर नोंद करून गेलो आहोत आणि तिथे पैसे मागितले म्हणून कधी कुरकुर केलेली नाही. माळढोक पक्ष्याच्या नावाने राखलेल्या जागेत चारचौघांनी कसंही शिरावं, असं मी कशाला म्हणेन? पण ज्या माळाबद्दल मी लिहितेय तो अभयारण्यात नाही. तो राखीव वन आहे. राखीव वनातही मनाईहुकूम असतात, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं २६ वं कलम मी वाचलंय. त्या कलमाखाली मनाई करता येते. पण मनाई म्हणजे मनाई. २० रुपये भरले की जी उठते, तिला काय म्हणायचं? माझ्या पायांनी गवताचं नुकसान होत असेल तर ते पैसे भरूनही होणार. होत नसेल तर पैसे कशाचे?

आता तक्रारी.

सगळ्यात आधी वेळ, कारण तिच्यावरूनच कळतं की पाटी लिहिणारा माणूस त्या माळावर कधी गेलेला नसावा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही कचेरीची वेळ. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजता माळ तापलेला असतो, पाखरं सावली धरून बसलेली असतात, काळवीटसुद्धा झाडाखाली जातो. माळ जागा असतो तो उजाडताना आणि दिवस कलताना. नेमक्या त्या दोन्ही वेळी फाटकाला कुलूप. भर उन्हात या, पैसे भरा, काही न बघता परत जा, अशी ही योजना. मार्चपासून आमची शाळा सकाळची भरते. मुलांना घेऊन दुपारी बारा ते पाचमध्ये माळावर जायची परवानगी कोणता मुख्याध्यापक देईल, आणि त्याने का द्यावी?

सकाळी फिरायला येणारी माणसं वेगळीच. त्यांत बरेच जण जुने गिरणी कामगार आहेत, कुणी लक्ष्मी-विष्णूतले, कुणी नरसिंग गिरजीतले. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि रस्त्यावर डंपरांमुळे चालता येत नाही, म्हणून ती माळावर येतात. भविष्यनिर्वाह निधीच्या (ईपीएफ) १९९५ च्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यावर असलेला माणूस रोजचे २० प्रमाणे महिन्याला ६०० रुपये हवेसाठी भरणार का? तो भरत नाही. तो येणं बंद करतो. फाटक बसल्यापासून पहाटेची ती माणसं दिसेनाशी झालीत. खात्याच्या दप्तरात याची नोंद बहुधा ‘गर्दी आटोक्यात आली’ अशी होईल.

पण ही माणसं म्हणजे गर्दी नव्हती, माळावरचा पहारा होता. रात्रीतून कुणी ट्रॉली भरून राडारोडा टाकला तर पहिला फोन त्यांचा जायचा. मुरूम काढायला यंत्र लागलं तर त्यांनाच पहिलं कळायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून कडकडीत झालं की कुठे धूर दिसतो का, हे बघणारे डोळेही त्यांचेच. वनरक्षकांची संख्या किती आणि एकेकाच्या वाट्याला क्षेत्र किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एका वनरक्षकाने मोटारसायकलवर कितीही हेलपाटे घातले तरी तो सगळीकडे पुरणार नाही. बिनपगारी राखणदार तुम्ही स्वतःच्या हाताने घरी बसवलेत.

ज्यांना अडवायला हवं होतं, त्यांचं काय झालं? फाटक रस्त्याच्या बाजूला एकच आहे. मागच्या अंगाला माळ उघडा. ट्रॉल्या मागूनच येतात, पूर्वीही येत होत्या. थंडीत हुरड्याच्या दिवसांत गाड्या घेऊन येणारे, गवतात चूल मांडणारे, बाटल्या फोडून जाणारे रात्री येतात, तेव्हा खोलीत कुणी नसतं. लग्नाआधीच्या फोटोसाठी झगे, धुराच्या नळकांड्या, ड्रोन घेऊन येणाऱ्यांना २०० रुपये म्हणजे काहीच नाही. ते आनंदाने पावती घेतात आणि पावती आहे म्हणून गाडी थेट गवतात घालतात. हिवाळ्यात लांडगीण पिल्लं घालते. तिच्या बिळाचा पत्ता एकदा का मोबाइलवर फिरला की गाड्यांची रांग लागते. पिल्लांचा फोटो काढणाऱ्याला आणि ओढ्याकाठी चपला हातात घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्याला तुमच्या पाटीवर एकाच मापाने मोजलंय. माझं म्हणणं या एका वाक्यात आहे: पावती पायाला नको, भाराला हवी. जो गाडी आणतो, धंदा करतो, गोंगाट करतो, त्याच्याकडून घ्या, आणि आत्ता घेता त्याच्या दसपट घ्या.

शाळेचा अनुभव थोडा सविस्तर सांगते, कारण तो मी स्वतः निस्तरलाय. चाळीस मुलांना न्यायचं होतं. ऑनलाइन अर्जात एका परवान्यावर जास्तीत जास्त सहा माणसं. जीपमधून येणारं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून तो अर्ज बनवलेला दिसतो. म्हणजे मुलांचेच सात अर्ज. प्रत्येक अर्जाला वेगळा ओटीपी, प्रत्येक माणसाचं नाव, वय, पत्ता आणि आधार क्रमांक. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे आधार क्रमांक माळावर फिरायला कशाला लागतात? ते कुठे साठतात, कोण बघतं? विचारलं तर उत्तर असं की ती चौकट रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही. या अर्जांचे पैसे ऑनलाइनच. मुलांनी आणलेली दहा-दहाची नाणी मी खिशात घातली आणि माझ्या खात्यातून भरले. एवढं करून फाटकावर गेलो तर आमच्या दोन जुन्या दुर्बिणींवर वाद. त्या कॅमेऱ्यात मोडतात, असं त्या पोराला सांगितलेलं. मोडत नाहीत, हे पटवण्यात सकाळचा चांगला वेळ गेला. मोबाइलला कॅमेरा असतो, मग प्रत्येक मोबाइलचे २०० घेणार का, असं आमच्या एका मुलीने विचारलं. त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा, मी वर्गात वाचून दाखवीन.

आत गेल्यावर पेव्हर ब्लॉकचा रस्ता लागला. शुल्कातून ‘विकासकामे’ होणार आहेत, त्यांची ही सुरुवात म्हणे. पुढे हिरवळीचा तुकडा, त्याला ठिबक. साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात, जिथे उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे गवताळ माळावरचं गवत काढून लॉन लावलंय. आणि लॉनवर फायबरचं काळवीट. मुलं त्याच्यापाशी फोटोला थांबली. खरी काळविटं ओढ्यापलीकडे उभी होती. मुलांना तिकडे वळवायला मला हाका माराव्या लागल्या. बाकी माळावर खड्डे काढून गिरिपुष्पाची रोपं लावण्याचा जुना नाद आहेच. माळावर झाडं नाहीत म्हणजे माळ ओस पडलाय, या समजुतीपायी किती चांगली कुरणं रोपवनाखाली गेली, याचा हिशेब खात्यातल्याच जाणत्या अधिकाऱ्यांना विचारा. उथळ मातीत, मुरमावर, कमी पावसात गवत हेच तिथलं वन आहे. धाविक, पखुर्डी, चंडोल, भोवत्या या पक्ष्यांना उघडी जमीन आणि गवत लागतं. झाडोरा वाढला की ते जातात.

आता पाटीची शेवटची ओळ. गुरे, शेळ्या, मेंढ्यांना सक्त मनाई.

चराईने माळाची नासाडी होते, हे मी नाकारत नाही. जनावरं बेसुमार झाली, पावसाळ्यातच कोवळं गवत ओरबाडलं गेलं की बी धरत नाही, दोन-तीन वर्षांत नुसता मुरूम उरतो. मेंढपाळाच्या घरात वाढल्यावर हे दिसतंच. पण उलट बाजूही तितकीच खरी. जनावर अजिबात फिरलं नाही, कुणी गवत कापलं नाही, तर ते उभ्याउभ्या वाळतं आणि मार्चमध्ये एका बिडीच्या थोटकाने सगळा माळ पेटतो. काळविटं, मेंढरं आणि लांडगा यांचं माळावर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चाललंय. लांडगा वर्षाकाठी एखादं कोकरू नेतो, धनगर शिव्या घालतो आणि पुढे जातो. मेंढरं माळावरून हटवली तर लांडगा काय खाणार, याचा विचार आदेश काढताना झाला होता का?

पूर्वी गावोगाव एक साधी वहिवाट होती. पाऊस लागला की माळाचा एक भाग राखायचा, दिवाळीपर्यंत त्यात जनावर घालायचं नाही, गवताने बी टाकलं की कापणी, आणि त्यानंतर चराई. पुढच्या वर्षी दुसरा भाग. हे पुन्हा बसवायला फार मोठं शास्त्र लागत नाही, गावाशी बोलावं लागतं. सरसकट बंदीने काय होतं ते शेजारच्या सातारा जिल्ह्यात दिसून आलंय. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली गेलेलं कास पठार. तिथे गर्दी आवरायला जाळीचं कुंपण घातलं. पुढे फुलंच कमी झाल्याची ओरड सुरू झाली, गुरांचं फिरणं थांबल्याकडे जाणकारांनी बोट दाखवलं आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. तिथे शुल्क अजूनही आहे, रोजच्या माणसांच्या संख्येवर मर्यादाही आहे. पण ते काम आसपासच्या गावांच्या समित्या करतात आणि गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळतो. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला गवताळ माळाची सफारी सुरू झाली, तीही गावातले वाटाडे घेऊन. हे सगळं तुमच्याच खात्याने केलंय. मग सोलापुरात पत्र्याची खोली आणि ‘आदेशावरून’ का?

मेंढपाळांच्या बाबतीत कायदाही गप्प नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात चराईचा, आणि भटक्या पशुपालकांना हंगामी वापराचा, सामूहिक हक्क मांडलेला आहे. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. ही अट अवघड आहे आणि सगळेच तिच्यात बसतील असं मी म्हणत नाही. पण बसतात की नाही याची तपासणी ग्रामसभेपासून सुरू व्हायची असते. फाटकावर काठी आडवी धरून ती होत नाही.

वाटेचंही तसंच. फाटकामुळे माळामधून पलीकडच्या वस्तीला जाणारी जुनी पायवाट बंद झाली. वस्तीवरच्या बाया गवताचा भारा आणि डब्याची पिशवी घेऊन आता रस्त्याने वळसा घालतात, अवजड वाहनांच्या बाजूने. वन अधिनियमाच्या २५ व्या कलमाप्रमाणे राखीव वनातली वाट बंद करायला राज्य सरकारची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते आणि तिच्या बदल्यात सोयीची दुसरी वाट असावी किंवा द्यावी लागते. ती मंजुरी कुठे आहे? आणि दुसरी वाट म्हणजे महामार्गाची कड, असं तर तुमचं म्हणणं नाही ना?

थोडं विषयांतर करते. १९३० साली बिळाशीला, चिरनेरला लोकांनी जंगल सत्याग्रह केला. गवत आणि लाकूड आमचं आहे, हेच त्यांचं म्हणणं होतं. त्याच साली मे महिन्यात सोलापुरात जे रण पेटलं आणि मार्शल लॉ लागला, त्यातही शिंदीची झाडं तोडण्याचा प्रसंग होताच. ब्रिटिशांचा वन कायदा १९२७ चा. आपण तोच वापरतो. मला सत्याग्रह करायचा नाही, अर्ज करायचाय. पण अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते तरी पाटीवर लिहा.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण पुरावा हातात नसताना आरोप करणार नाही. फाटकावरच्या क्यूआर कोडवर पैसे टाकले की मोबाइलवर जे नाव उमटतं ते खात्याचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. रोख देणाऱ्याला मिळणाऱ्या पावतीवर अनुक्रमांक नाही, शिक्का नाही. ठेका दिला असेल तर कुणाला, किती मुदतीचा? समिती असेल तर कोणत्या गावाची? व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६ च्या दुरुस्तीने प्रतिष्ठानं आली आणि प्रवेशाचा पैसा तिथल्याच जंगलावर आणि गावांवर खर्च करायची सोय झाली. वाघाच्या जंगलाला जी शिस्त आहे ती माळाला लावायला कुणाची हरकत आहे?

आणि माळढोकाचा दाखला मला कुणी देऊ नये, म्हणून तोही लिहिते. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली गावंच्या गावं, लोकांच्या खासगी जमिनी, सगळं त्या रेषेत. जमिनीचा व्यवहार अडला, घर बांधणं अडलं, लोक पाखराच्या नावाने बोटं मोडायला लागले. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज माळढोक दिसला तर ती बातमी होते. कारणं अनेक आहेत. उसाखाली आणि बागायतीखाली गेलेला माळ, विजेच्या तारा, शिकार. पण ज्यांच्या बांधावर तो पक्षी उतरायचा त्यांनाच परकं करून ठेवलं, हेही त्यातलं एक, असं मला वाटतं. तीच चूक आता फाटकाच्या रूपाने छोट्या प्रमाणात पुन्हा होतेय.

मागण्या अशा.

पायी येणाऱ्याला उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत मोफत, परवान्याविना जाऊ द्या. हवं तर फाटकावर वही ठेवा, नाव लिहू. शुल्क वाहनांना, व्यावसायिक छायाचित्रणाला आणि सफारीला लावा, वाहनं फाटकाबाहेर थांबवा, ड्रोन बंद करा, आणि रात्री मागच्या बाजूला पहारा ठेवा. शाळांसाठी मुख्याध्यापकांचं एक पत्र पुरेसं धरा. मुलांचे आधार क्रमांक मागणं ताबडतोब थांबवा आणि आजवर घेतलेले पुसून टाकल्याचं लेखी कळवा.

बंदी हवी तिथे घाला, पण ती ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे पट्टे, लांडग्याच्या विणीची जागा विणीच्या काळात पूर्ण बंद ठेवा, अगदी पैसे देणाऱ्यालाही. तेव्हा आम्हीही जाणार नाही. कोणता पट्टा कधी बंद, याचं वेळापत्रक मराठी, कन्नड आणि तेलुगूत पाटीवर लावा. लांडग्याच्या बिळाचा नेमका पत्ता मात्र त्यात घालू नका.

चराई आणि गवतकापणीबद्दल आसपासच्या गावांच्या ग्रामसभा, मेंढपाळ आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांच्यासोबत दिवाळीच्या आत बैठक घ्या. तोवर सरसकट बंदी स्थगित ठेवा. पायवाट उघडा.

लॉन, पेव्हर ब्लॉक, पुतळे यांवर आणखी एक रुपयाही घालू नका. पैसा आग पसरू न देणाऱ्या जाळरेषा काढायला, पाणवठे भरायला आणि वनमजुरांची मजुरी वेळेवर द्यायला वापरा. माळावर नवीन झाडं लावू नका.

आदेशाची प्रत, त्याचा कायदेशीर आधार, ठेक्याचा करार आणि दरमहा जमाखर्च जाहीर करा. हे उपकार म्हणून मागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कोणाला परवाने आणि सवलती दिल्या, आणि लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांमागची कारणं काय, हे कुणी न मागताही तुम्हाला जाहीर करायचं आहे. तरीसुद्धा मी त्याच कायद्याखाली वेगळा अर्ज देते आहे. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की तेही असंच सगळ्यांना वाचायला देईन, तुमच्या बाजूचं असलं तरी.

कळावे,
आपली,
विज्ञान शिकवणारी एक सोलापूरकर

ता. क. : फाटकावरच्या पोराला या पत्रावरून कुणी बोलू नये, ही विनंती. तो रोजंदारीवर आहे. पत्र्याच्या त्या खोलीत पंखा नाही आणि प्यायच्या पाण्याचा माठ त्याने घरून आणलाय. मागण्यांमध्ये तेवढं एक वाढवून घ्यावं.